तुर्कूचा मुऱ्हाळी

शहाद्याच्या बसस्टँडवर कोणी रतिलाल सरांना दोंडाईच्याची गाडी कुठे लागते असं विचारलं, तर सर गोंधळून इकडेतिकडे बघत आणि शेवटी माझ्याकडे बोट दाखवत. सगळा जन्म ह्याच तालुक्यात गेला तरी फलाट त्यांच्या लक्षात राहिले नाहीत. पण तोच माणूस चुकून जरी म्हणाला असता की मला फिनलंड देशातल्या तुर्कू गावी जायचंय, तर सरांनी हातातली पिशवी खाली ठेवून त्याला दारापर्यंत पोचवलं असतं.

“किल्ल्यापासून निघायचं,” ते म्हणायचे. “समुद्राकडे पाठ करायची आणि नदी उजव्या हाताला ठेवायची. ती सोडायची नाही. आधी शिडाचं जुनं जहाज दिसेल. आता ते कुठे जात नाही, नुसतं बघायला ठेवलंय. पुढे एक बुटकी नाव आहे. माणसं आणि सायकली ह्या काठाच्या त्या काठाला नेते, दिवसभर, फुकट. अजून वर गेलं की पूल. पूल ओलांडला की विटांचं थोरलं देऊळ.”

चर्चला ते देऊळच म्हणत. आणि हे सगळं इतक्या सहज सांगत, की ऐकणाऱ्याला वाटावं, सर सकाळीच तिकडून भाजी घेऊन आलेत.

मी गणिताचा मास्तर. आम्ही दोघं एकाच हायस्कुलात होतो, एका कॉलनीत भिंतीला भिंत लागून राहत होतो आणि निवृत्तही मागेपुढेच झालो. मला प्रश्नाला एक उत्तर लागतं, आणि ते एकच लागतं. रतिलाल सरांच्या बाबतीत ते मला कधी मिळालं नाही. ह्या माणसाने माझं डोकं जेवढं फिरवलं, तेवढं नापास पोरांच्या पालकांनीही फिरवलं नसेल.

पहिला गोंधळ असा की सर तिथे गेले होते की नव्हते? सर मुंबईच्या पुढे गेल्याचं कोणाला आठवत नव्हतं. मग हे गाव त्यांच्या तोंडी कसं? शाळेतल्या निम्म्या लोकांना ते तुर्कस्तानात आहे असं वाटायचं. शिपायाची खात्री होती की सर घरी बसून मनाने रचतात. एकदा ओट्यावर बसलो असताना मी सरळच विचारलं.

सरांनी चष्मा काढून धोतराच्या सोग्याला पुसला. धोतर नेसणारा आमच्या शाळेतला तो शेवटचा शिक्षक. शाळेत ते पुस्तकी मराठी बोलत, पण ओट्यावर टेकले की अहिराणीवर येत.

“मास्तर,” ते म्हणाले, “रायगडवरला राज्याभिषेक मी पोरेसले शिकाडस, तव्हय मी तठे व्हतू का?”

मी चहा प्यायलो आणि घरी आलो. घरी आल्यावर लक्षात आलं की हे उत्तर नव्हतंच.

शेवटच्या तासाला, अभ्यासक्रम उरकला की सर फळ्यावर ती नदी काढायचे. खालच्या टोकाला किल्ला, वरच्या टोकाला देऊळ. एका वर्षी तपासणीला साहेब आले. सातवीच्या वर्गात त्यांनी एका मुलीला उभं केलं आणि एखाद्या किल्ल्याची माहिती सांग म्हणाले. मुलगी धीट होती. तिने सांगितलं की हा किल्ला करड्या दगडांचा आहे, नदी समुद्राला मिळते तिथे आहे, आणि त्यात एका राजाला त्याच्याच सावत्र भावाने राणीसकट कोंडून ठेवलं होतं. साहेब विचारात पडले. जंजिरा म्हणावा तर त्यात हे घडलं नव्हतं, आणि माहीत नाही म्हणावं तर हाताखालच्या माणसांसमोर शोभलं नसतं. “छान, स्थानिक इतिहासाची चांगली जाण आहे,” असा शेरा देऊन ते पुढच्या वर्गात गेले. मुख्याध्यापकांनी सरांना बोलावून घेतलं. आत काय झालं ठाऊक नाही, पण बाहेर आल्यावर मुख्याध्यापक मला हळूच विचारत होते, की त्या राजाला नंतर सोडलं का.

दुसरा गोंधळ घंटेचा. दुपारी चहाच्या सुमाराला सर मोबाइल कानाला लावून ओट्यावर बसायचे. त्या वेळी त्यांच्याशी बोलायचं नाही. मोबाइलमधून घंटेचे संथ ठोके यायचे. तुर्कूच्या देवळात दुपारी बाराला घंटा होते आणि त्या देशाचा रेडिओ ती सगळ्यांना ऐकवतो, असं सरांनी मला सांगितलं. इथपर्यंत ठीक. पण थंडी सरली की सर रोजच्यापेक्षा तासभर आधीच मोबाइल घेऊन बसायला लागायचे, आणि दिवाळीच्या आसपास पुन्हा उशिरा. तिकडचे लोक उन्हाळ्यात घड्याळच पुढे ढकलतात म्हणे. मी चिडलो. बारा म्हणजे बारा. गावाच्या सोयीने घड्याळ ढकलायचं असेल तर माणसाने गणित शिकवायचं कशाला? सर म्हणाले, “त्यासनं त्यासले ठावं. आपन वेयवर बसनं, बस.” त्यांनी एकही दिवस चुकवला नाही. भाचीच्या लग्नात प्रकाशा गावी मांडवात बसले होते, तिथेही वरात दारात असताना हे गृहस्थ केळीच्या बागेत जाऊन घंटा ऐकून आले.

तिसरी गोष्ट शाळेतली. वेळापत्रकावरून आमच्या दोन शिक्षकांचं असं बिनसलं, की एक आत आला की दुसरा स्टाफरूममधून उठून जाई. नाताळच्या आदल्या दिवशी सर शाळेच्या गॅलरीत उभे राहिले आणि खाली मैदानात जमलेल्या आम्हा सगळ्यांना त्यांनी मोठ्याने जाहीर करून टाकलं, “आजपासून ह्या शाळेत शांतता आहे. जो मोडेल त्याला कडक शिक्षा होईल.” तुर्कूमध्ये त्या दिवशी भर दुपारी जुन्या चौकातल्या सज्जातून अशीच शांतता पुकारतात, आणि हे फार जुन्या काळापासून चालत आलंय, असं त्यांनी नंतर समजावलं. पोरांनी टाळ्या पिटल्या. ते दोघं शिक्षक ओशाळून हसले आणि एकाच प्लेटमधली भजी खाऊ लागले. मला सरांचं कौतुक वाटलं. पण ते खाली आले तेव्हा त्यांचा चेहरा इतका उतरलेला होता, की मी कौतुक गिळलं. जमलं तर होतं सगळं. मग ह्यांना काय झालं?

उत्तर मिळालं ते विमलवहिनींकडून, म्हणजे सरांच्या पत्नीकडून. आम्ही दोघं निवृत्त झाल्यानंतरची ही गोष्ट. त्या आमच्याकडे विरजण मागायला आल्या होत्या. पलीकडे ओट्यावर सर घंटा ऐकत बसले होते. मी बोलून गेलो, “वहिनी, सरांना त्या गावाचं एवढं काय आहे हो?”

वहिनी वाटी हातात धरून माझ्याकडे बघत राहिल्या. “तुम्हले माहीत नही का? वैशू शे ना तठे.”

मला वैशू म्हणजे वैशाली माहीत होती. सरांची एकुलती मुलगी. पुण्याला शिकायला गेली, तिथून परदेशी गेली, एवढं ऐकलं होतं. सर तिचं नाव काढत नसत. मी ती अमेरिकेत आहे असं धरून चाललो होतो, कारण आमच्याकडे परदेशी म्हटलं की अमेरिकाच.

“तिन्हा घरमा तीच घंटा ऐकू येस,” वहिनी म्हणाल्या. “ती तठे ऐकस, आनि हाई आठे ऐकतस. बोलतस मात्र नही.”

मग त्यांनी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. खानदेशातल्या माणसाला आखाजी सांगायला नको, पण इतरांसाठी सांगतो. अक्षय्य तृतीयेला आमच्याकडे आखाजी म्हणतात. त्या सणाला सासरच्या मुली माहेरी येतात, झाडाला झोके बांधतात, गाणी म्हणतात. पण मुलगी आपली आपण येत नाही. माहेरहून कोणीतरी तिला घ्यायला जावं लागतं. तो मुऱ्हाळी. बहुतेक भाऊच जातो. वैशालीला भाऊ नव्हता. लहान असताना तिला ह्याची फार हळहळ वाटे, म्हणून पुण्याच्या आधी ती नाशिकला हॉस्टेलवर शिकत होती तेव्हा सर स्वतः मुऱ्हाळी होऊन जायचे. लग्न नाही, सासर नाही, तरी हॉस्टेलच्या बाईंसमोर बसून रीतसर म्हणायचे, “पोरीला आखाजीला धाडा.” बाईंना आधी कळेना. नंतर त्याही “न्या, पण वेळेवर आणून सोडा,” असं सासूच्या थाटात म्हणायला लागल्या. सरांच्या घरी अशीही पद्धत होती की मुऱ्हाळ्याने पाणी प्यावं, पण सासरचे ‘न्या’ म्हणेपर्यंत घास घेऊ नये. हॉस्टेलच्या मेसमध्येही सरांनी ती पाळली.

वैशालीने तुर्कूमध्ये तिथल्याच मुलाशी लग्न ठरवलं तेव्हा सर भडकले. फोनवर त्यांचं शेवटचं वाक्य होतं, “कर लगीन. तुले लेवाले आठेन कोन्ही येनार नही.” आणि ती बापाचीच मुलगी. ती म्हणाली, “मुऱ्हाळी उना तरच येसू.”

झालं. तेव्हापासून बाप न्यायला जाईना आणि मुलगी आपण होऊन येईना; दोघं आपापल्या शब्दावर बसून होते. आईशी ती रोज बोलायची. इकडे बाप त्या गावाचा दगडन्‌दगड पाठ करत होता, पण तिथे एक फोन लावत नव्हता. आणि ह्याचं तिला, तिचं ह्याला सांगायचं नाही, अशी वहिनींना दोन्हीकडून ताकीद होती.

मला कळेना. राग होता तर घंटा कशाला ऐकायची? आणि माया होती तर बोलायला काय झालं होतं? मी त्या दिवशी सरांकडे जाऊन बसलो. ते आपणहून तुर्कूला लागलेल्या मोठ्या आगीबद्दल सांगू लागले. जवळजवळ सगळं गाव जळालं, पण टेकडीवरची गरीब कारागिरांची लाकडी घरं तेवढी वाचली. नवं गाव आखताना तीही पाडायची ठरली होती.

“पाडली नहीत,” सर म्हणाले. “कशी ऱ्हायनी कोन जाने. आते लोक तीच देखाले येतस.” हे घरांबद्दल चाललंय की कशाबद्दल, ह्याचा मला अंदाज येत नव्हता.

त्यानंतरच्या फाल्गुनात वहिनींनी माळ्यावरून झोक्याचा दोर काढला. तो उंदरांनी कुरतडला होता, वापरावाचून कुजलाही होता. वहिनींनी तो कचऱ्यात टाकला आणि म्हणाल्या, आता ह्या घरात झोका नको. दोन दिवसांनी मी बाजारात गेलो तर दोरवाल्याच्या दुकानात सर उभे. एक दोर पायाखाली धरून दोन्ही हातांनी ओढून बघत होते.

“बैलाले पाहिजे का, सर?” दुकानदाराने विचारलं.

“झोकासाठे. दोन बाया बठतीन असा देखाडा.”

मी जरा आडोशाला सरकलो. सरांच्या घरी झोक्यावर बसणारं कोणी नव्हतं. वहिनींचे गुडघे धरलेले. मग दोर कोणासाठी? ह्या एका प्रश्नाचं उत्तर मात्र मला बाजारातून घरी येईपर्यंत सापडलं, आणि मी वाटेतच थांबून डोळे पुसले. उन्हाने पाणी येत होतं असं म्हणायला हरकत नाही, ऊनही होतं.

पुढचं सगळं वहिनींचं कारस्थान. वैशाली आईला कधीची बोलवत होती. वहिनींनी स्वतःची आणि सरांची कागदपत्रं करून घेतली, सरांनीही सह्या केल्या, वैशालीला मात्र मी एकटी येतेय असं सांगितलं, आणि यायचा दिवसही मुद्दाम एक पुढचा कळवला. बाप येणार हे आधी कळलं तर पोरगी विमानतळावर उभी राहील आणि तिथेच भांडण होईल, अशी त्यांना भीती होती. निघायच्या सकाळी बसस्टँडवर मी सोबत होतो. गाडी लागली, सामान चढलं. सर चढले. वहिनी खालीच.

“मन्हा गुडघा चालत नही. तुम्हीन जा.”

सर दारातून वाकून म्हणाले, “हाई काय नवीन? तू चाल ना!”

“मुऱ्हाळी बाई ऱ्हास का कव्हय?” वहिनी म्हणाल्या आणि वळून चालायला लागल्या. गुडघ्याचं दुखणं त्या क्षणी तरी दिसलं नाही. गाडी सुटली तेव्हा सर खिडकीत बसून माझ्याकडे असे बघत होते, की आपण कुठे निघालोय हे मीच त्यांना सांगावं.

तिकडे काय घडलं ते मला नंतर वैशालीने सांगितलं. सर आगगाडीने तुर्कूला उतरले आणि हरवले. सबंध गाव पाठ, पण ते किल्ल्यापासून पाठ होतं. स्टेशन कुठे मधेच होतं. मधून कसं सुरू करायचं हे त्यांना येईना. शेवटी त्यांनी लोकांना मोबाइलवर किल्ल्याचं चित्र दाखवलं, विचारत विचारत किल्ल्यापर्यंत गेले, दाराला हात लावला, पाठ वळवली, नदी उजव्या हाताला घेतली आणि तिथून एकदाही न चुकता देवळाजवळच्या वैशालीच्या दारात येऊन उभे राहिले. धोतर, स्वेटर, कानटोपी आणि हातात सांजोऱ्यांचा डबा.

वैशालीने दार उघडलं आणि बापाला आत घेतलं. तिने पाणी दिलं, ते प्यायले. तिने खिचडी टाकली, ताट वाढलं. सर ताटाला हात लावेनात. जावई मिक्का गोंधळला. त्याला वाटलं, म्हाताऱ्याला प्रवासात बरं नाहीसं झालं. वैशालीच्या मात्र पटकन लक्षात आलं.

सर मिक्काकडे वळले आणि हात जोडून म्हणाले, “पोरले आखाजीले धाडा. वेयवर परत पोचाडी देसू.”

वैशालीने त्याला अर्थ सांगितला. मिक्का आणखीच गोंधळला. तो म्हणाला, हे मला का विचारताय? तिला विचारा ना. सरांना हे कळेना. त्यांनी घरात इकडेतिकडे पाहिलं. सासरचं आणखी कोणी थोरलं माणूस आहे का, त्याला विचारता येईल, असं बघत असावेत. कोणी नव्हतं. ताटातली खिचडी निवत होती. मुऱ्हाळ्याने मुलीला विचारायचं असतं, असं त्यांना आजवर कोणी सांगितलं नव्हतं. मुलीच्या शिक्षणाचं, लग्नाचं, रागाचं, काहीच त्यांनी कधी तिला विचारलं नव्हतं.

“काका,” वैशाली मला म्हणाली, “बाबा परीक्षेला उभं केल्यासारखे माझ्यासमोर उभे राहिले.”

“वैशू,” सर म्हणाले, “येशी का?”

ती हो म्हणाली की रडली, की दोन्ही एकदमच, हे तिलाही नीट सांगता आलं नाही. मग सर खाली बसले आणि ती गार खिचडी सगळी जेवले.

आखाजीला सर, वैशाली आणि मिक्का तिघंही शहाद्यात होते. मी पहिल्याच दिवशी सरांना गाठलं. आता तरी खात्रीची माहिती मिळेल म्हणून किल्ला आतून कसा आहे ते विचारलं.

“ऱ्हाई गया,” सर म्हणाले.

देऊळ? राहिलं. टेकडीवरची घरं? तीही राहिली. नदी? हां, नदी गढूळ होती, तापीसारखी, एवढं लक्षात होतं. सगळे दिवस हा माणूस लेकीच्या स्वयंपाकघरात बसून भाजी निवडत होता. इतकी वर्षं त्या गावाची वर्णनं करून माझं डोकं पिकवलं, आणि प्रत्यक्ष गेल्यावर काही न बघता परत आला! मी रागावलो, आणि मला इतकं बरंही वाटत होतं, की नक्की काय होतंय ते मलाच उमगेना.

पुढच्या थंडीत सर गेले. मी तेव्हा नाशिकला मुलाकडे होतो, पोचू शकलो नाही. त्यामुळे माझ्या डोळ्यांपुढे त्यांचं शेवटचं रूप आहे ते त्या आखाजीच्या दुपारचंच.

अंगणातल्या निंबाला नवा दोर बांधलेला. झोक्यावर वैशाली आणि शेजारची एक सून. बाया गाणी म्हणत होत्या. मिक्का ओलं उपरणं डोक्यावर घेऊन सावलीत बसला होता, उन्हाने लालबुंद, हाताला आमरस लागलेला. सर झोक्याजवळ उभे होते. दोराची गाठ सुटत नाहीये ना, हे पुन्हा पुन्हा वर मान करून बघत होते.

मी ओट्यावर होतो. माझ्या शेजारी सरांचा मोबाइल पडला होता आणि त्यात लावून ठेवलेल्या वेळेवर आपोआप घंटा सुरू झाली. तेच संथ ठोके. सरांनी घंटा चुकवलेली मी पाहिली नव्हती, म्हणून मी मोबाइल उचलून घाईने अंगणात गेलो.

“सर, घंटा!”

सरांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. झोका मागे आला होता. त्यांनी तो दोन्ही हातांनी धरला आणि पुढे लोटला.

“वाजू द्या, मास्तर,” ते म्हणाले. “आज तठे आपलं कोन शे?”